पावसाळ्यात घरची कोथिंबीर: कोकणात भाजीसाठी टनेल, गरम वाफा आणि पातेऱ्याचं खत

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या बाजारात जी भाजी दिसते ती बहुतेक घाटावरून आलेली असते, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची, आणि आंबा घाटात किंवा करूळला दरड आली की दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारायची सोय राहत नाही. आणि गंमत बघा, त्याच वेळी आपल्या परसात पाणी आहे, गोठ्यात शेण आहे, झाडाखाली पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, आहे, जागा पण आहे, फक्त पाऊस एवढा आहे की नाजूक पालेभाजी उभीच राहत नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, काही ठिकाणी त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे अडचण मातीची कमी आणि डोक्यावर पडणाऱ्या पाण्याची जास्त. ती सोडवली की पावसाळ्यात घरची कोथिंबीर, पालक, मिरची सगळं होतं. कसं ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, व्हिडिओत दिसतात ते पॉलीटनेल, म्हणजे प्लॅस्टिकने झाकलेले मांडव, थंड देशातले असतात. तिकडे उष्णता आत कोंडायची म्हणून चारी बाजू बंद, दार पण बंद. तसाच्या तसा टनेल इकडे केलात तर ऑक्टोबरच्या उन्हात आत भट्टी होते आणि पावसाळ्यात दमट हवा कोंडून पानांवर बुरशी चढते. आपल्याकडे लावणीला माणसं इरलं घेऊन शेतात उतरतात, डोकं आणि पाठ कोरडी, पुढून हात मोकळे आणि वारा खेळता, टनेल तस्साच हवा. वर प्लॅस्टिक, बाजू उघड्या, फार तर बाजूला जाळी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

छप्पर कसं उभं करायचं

घरच्यासाठी 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब पुरे, चार-पाच माणसांच्या घराला पालेभाजी आणि मिरची त्यात आरामात निघते. गोल कमानीचा आकार दिसायला छान पण आपल्या पावसाला मी दोन उताराचं छप्परच सुचवीन, कौलारू घरासारखं, कारण कमानीच्या डोक्यावर पेपर, म्हणजे वरचं प्लॅस्टिक, जरा सैल राहिला की पाणी साचून पोट पडतं आणि मग तिथेच फाटतो. मधली ओळ जमिनीपासून 8 फूट, दोन्ही बाजूच्या ओळी साडेपाच फूट, खांब दर 5 फुटांवर, म्हणजे एकूण 15 खांब. प्रत्येक खांब 2 फूट जमिनीत जाईल असा लांब घ्या, म्हणजे मधले 10 फूट आणि बाजूचे साडेसात. सिंधुदुर्गात माणगा बांबू मिळतो, भरीव असतो, खांबाला त्याच्यासारखा नाही, रत्नागिरी-रायगडला जो टणक मिळेल तो घ्या. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवा, त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगेरा कमी लागतो, मग सावलीत सुकवून बुडाला अडीच फुटापर्यंत डांबर फासा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप वापरायचे असतील तर वापरा, पण समुद्राच्या जवळ खाऱ्या वाऱ्याने गंज लवकर धरतो, जोडावर रंग मारत राहावं लागतं.

ज्यांच्याकडे कातळ आहे त्यांना खड्डा मारता येत नाही, त्यांनी मोठ्या डब्यात किंवा अर्ध्या ड्रममध्ये काँक्रीट ओतून त्यात खांब उभे करावेत आणि भोवती चिऱ्यांचा (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा) भार द्यावा, आणि चारी कोपऱ्यांना दोरीचे ताण द्यावेतच.

पेपर साधा प्लॅस्टिकचा घेऊ नका, तो एका उन्हाळ्यात कुरकुरीत होऊन तुकडे पडतो. पॉलीहाऊसचा यूव्ही पेपर 200 मायक्रॉनचा मागा, साडेचार मीटर रुंदीचा मिळतो. वर सांगितलेल्या मापाला दोन्ही उतार मिळून साधारण सव्वाअकरा फूट होतात, म्हणजे साडेचार मीटरमध्ये दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन फुटाची पागोळी बाहेर राहते, आणि ती हवीच, नाहीतर पागोळीचं पाणी थेट कडेच्या वाफ्यात पडतं. लांबी 24 फूट घ्या.

पेपर चढवायचा तो ऊन असताना, दुपारी अकरा ते दोनच्या मध्ये आणि वारा नसताना, कारण तापल्यावर प्लॅस्टिक पसरतं आणि तेव्हा ताणून बसवलं की थंड झाल्यावर ते ढोलासारखं घट्ट बसतं. जिथे जिथे पेपर बांबूला टेकतो तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा, गाठी आणि कापलेली टोकं तासून घ्या, पेपर फाटतो तो नेहमी ह्याच जागांवरून. कडेला पेपर एका कामटीला (बांबूच्या चिरलेल्या पट्टीला) दोन वेढे देऊन ती कामटी खांबाच्या आडव्या बांबूला नायलॉनच्या दोरीने बांधा. वरून पण दर 5 फुटांवर एक दोरी ह्या बाजूकडून त्या बाजूला टाकून खाली खुंटीला बांधा म्हणजे वाऱ्याने पेपर फडफडणार नाही, फडफडणारा पेपर फार दिवस टिकत नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, तर टनेलचं अरुंद तोंड तिकडे करा आणि जमलं तर घराच्या आडोशाला पूर्वेकडे उभारा. माडाखाली अजिबात नको, एक झावळ पडली तरी पेपर गेला, नारळाचं तर बोलायलाच नको. आणि ज्या झाडाच्या फांद्या छपरावर येतात तिथून वांदर उड्या मारतात, म्हणून फांद्या छाटा किंवा जागा बदला. वांदरांपुढे पूर्ण उपाय कुठलाच नाही, पण बाजूंना जाळी असली की मिरची-वांग्याचा त्रास बराच कमी होतो.

वादळाचं विसरू नका. 3 जून 2020 ला निसर्ग आलं आणि मे 2021 ला तौक्ते, दोन्ही वेळेला वेळ पावसाळ्याच्या तोंडाचीच, म्हणजे आपण नुकताच नवा पेपर चढवलेला असतो तीच. म्हणून पेपर खिळे मारून कायमचा ठोकायचा नाही, दोऱ्या सोडून अर्ध्या तासात गुंडाळता आला पाहिजे. हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की पेपर उतरवून घरात. सांगाडा पडला तर परत उभा होईल.

माती आणि वाफे

टनेलच्या भोवती आधी चर मारा, एक फूट रुंद, एक फूट खोल, उताराकडे पाणी काढून दिलेला. हे न करता कितीही छान छप्पर केलं तरी जमिनीखालून पाणी झिरपून वाफे चिखल होतात. वाफे एक फूट उंच, 3 फूट रुंद, कडेला चिऱ्यांचे तुकडे लावून घ्या, चिरेखाणीत असे तुटके चिरे स्वस्तात मिळतात. वाफ्याच्या तळाला नारळाची सोडणं (वरची सालं) पालथी पसरा, वर माती. मिश्रण साधारण दोन भाग गाळलेली लाल माती आणि एक भाग कुजलेलं खत, माती फार चिकट असेल तर नदीची वाळू थोडी. समुद्राची वाळू आणू नका, मीठ असतं.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, आणि एवढ्या पावसाने त्यातला चुना धुऊन जातो. घरात तिसऱ्या आणि मुळे ही शिंपल्यातली मासळी खाऊन झाल्यावर शिंपल्या फेकू नका, चुलीत भाजून कुटून ठेवा, 3 बाय 10 च्या वाफ्याला अर्धा किलो भुकटी लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. पण ते सुद्धा माती तपासून घेऊन केलेलं बरं, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, लांज्याला आहे, किल्ला-रोह्याला आहे. राख पण चालते, मूठ-दोन मूठ, घमेलंभर नाही.

पातेरा जाळू नका

हा भाग मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचा आहे. जानेवारीपासून आंबा, काजू, फणसाखाली पातेऱ्याचे थर पडतात आणि आपण ते गोळा करून पेटवून देतो. भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) राब भाजणं, म्हणजे पालापाचोळा पसरून जागा भाजून घेणं, वेगळं, त्यात तणाचं बी मरतं, राख मिळते, पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित आहे ते. पण बागेतला पातेरा नुसता साफसफाई म्हणून जाळणं म्हणजे पुढच्या वर्षीचं खत जाळणं, आणि मग मे महिन्यात आपण शेणखताची गाडी विकत आणतो.

ढीग किंवा हौद किमान 3 बाय 3 बाय 3 फुटाचा करा, त्याहून लहान ढीग तापतच नाही. चिरे नुसते रचून तीन भिंती केल्या तरी झालं, मध्ये फटी राहिल्या तर अजून चांगलं, हवा जाते. तळाला काटक्या. मग एक घमेलं ओलं आणि तीन घमेली सुकं असा थर चढवत जायचं, ओलं म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा, हिरवं गवत, गिरिपुष्पाचा पाला, ताजं शेण, आणि सुकं म्हणजे पातेरा, पेंढा, काथ्या. काजू आणि आंब्याचं पान जाड, चिवट असतं, तसंच टाकलं तर वर्षभर तसंच राहतं, म्हणून आधी खळ्यात पसरून तुडवा किंवा कोयत्याने तोडून घ्या आणि एक रात्र शेणाच्या पाण्यात भिजवा, फरक लगेच कळतो. ओल किती, तर मूठभर घेऊन दाबलं की बोटातून एक-दोन थेंब यावेत, धार लागली तर जास्त झालं.

मासळीचा कचरा उत्तम खत आहे, पण ढिगाच्या मध्यभागी फूटभर खोल पुरायचा आणि वर भरपूर पातेरा, नाहीतर कुत्री-मांजरं रात्रभर ढीग उकरतात. सुक्या मासळीचं धुवण किंवा खाऱ्याचं पाणी मात्र टाकू नका, मीठ साचतं.

पंधरा दिवसांनी ढीग उलटायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. जानेवारीत रचलेला ढीग असा उलटत राहिलात, ओल सांभाळलीत तर मेपर्यंत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार होतं. सुकू दिलात तर वाळवी लागते. आणि उलटण्याचं दुसरं कारण आपल्यासाठी फार मोठं आहे, माडाचा गेंडा भुंगा अंडी घालतो ती अशाच शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ढिगात, अंड्यापासून भुंगा व्हायला पाच-सहा महिने जातात, तेवढ्यात तुम्ही दोन-चारदा ढीग हलवला की जाड पांढऱ्या वळलेल्या अळ्या दिसतात, त्या वेचून कोंबड्यांना टाका. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते ती ढिगात मिसळली तरी अळ्या मरतात. ज्यांच्या घराला माड लागून आहेत त्यांनी हे टाळू नये, आपल्या भाजीच्या खतातून शेजाऱ्याचा माड जायला नको.

पावसाळ्यात ढिगावर जुना पेपर किंवा झापं (विणलेल्या झावळ्या) घालून ठेवा, उघड्या ढिगातलं सगळं कस पाण्याबरोबर वाहून जातं, जे राहतं तो नुसता चोथा.

शेणाचा गरम वाफा

आता हा लागतो का? मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा किनाऱ्यावर खरं सांगायचं तर नाही, तिकडे डिसेंबरात सुद्धा बी उगवायला पुरेशी ऊब असते. पण दापोली, मंडणगड, खेड, संगमेश्वरचा सह्याद्रीकडचा भाग, आंबोलीच्या पायथ्याची गावं, इकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि मिरची, वांगी, ढोबळी मिरचीचं बी आठवड्यात वर यायचं ते तीन-तीन आठवडे मातीत बसून राहतं, काही कुजतं. ह्या बियांना 25 ते 30 अंश माती लागते. तिथे गरम वाफा कामाला येतो.

चिऱ्यांचा 4 बाय 4 चा, अडीच फूट उंच हौद करा. त्यात गोठ्यातलं ताजं शेण आणि भाताचा पेंढा जवळजवळ सारख्या मापाने मिसळून भरा, पाणी शिंपडा, पायाने तुडवा, परत भरा, असं दाबून दोन फूट झालं पाहिजे. जुनं सुकलेलं शेण चालत नाही, त्याची ऊब आधीच गेलेली असते. तीन-चार दिवसांत आत एवढं तापतं की हात घालवत नाही, 60 अंशाच्या वर जातं, ह्या वेळी बी टाकलंत तर शिजेल. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा, मुठीत धरवली आणि डोळे झोंबणारा वास गेला असला की वाफा तयार समजा, साधारण आठ-दहा दिवस लागतात. वर चार बोटं माती-खत पसरून बी ओळीत टाका किंवा रोपांचे ट्रे वर ठेवा, रात्री त्यावर छोटा टनेल, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे साडेसहा फुटाचे तुकडे वाकवून कमानी आणि वर प्लॅस्टिक, सकाळी ऊन वर आलं की उघडायचं. ऊब महिनाभर पुरते, रोपं तेवढ्यात लावणीजोगी होतात. मग तोच हौद मार्चमध्ये काकडी किंवा दुधी लावायला, खालचं सगळं कुजून खत झालेलं असतं, वेल असा धावतो की मांडव कमी पडतो.

छपराखाली काय लावायचं, काय नाही

पडवळ, शिराळं (दोडका), कारलं, तवसं (मोठी पावसाळी काकडी), भेंडी, अळू ह्यांना छप्पर देऊ नका. ही आपल्या पावसाची पिकं आहेत, उघड्यावर मांडवावर छान होतात, फक्त बुंध्यात पाणी साचू नये म्हणून आळं उंच करा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत, कारल्याची कोकण तारा, शिराळ्याची कोकण हरिता, बी मिळालं तर तेच घ्या. छपराखालची जागा थोडी, ती त्यांनाच द्या ज्यांची पानं पावसाच्या माऱ्याने चिखलात लोळतात, म्हणजे कोथिंबीर, पालक, लाल माठ, मेथी, मिरची, टोमॅटो.

कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, सकाळी कोरडे करून ओळीत टाका, फेकून नको, ओळी असल्या की हवा खेळते. चाळीस दिवसांत जुडी हातात येते. दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे टाकत राहा, सगळे एकदम टाकले तर एकदम खावी लागते. लाल माठ महिन्याभरात उपटायला येतो, पालक कापला की परत फुटतो. पहिली पेरणी मिरगाच्या आधी झाली पाहिजे, म्हणजे श्रावणातल्या उपासांना आणि गणपतीला घरची भाजी.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बाहेर धो धो पाऊस पडत असतो आणि छपराखालचा वाफा कोरडा पडलेला असतो, कारण वरून पाणी येणार कुठून. बोट मातीत दोन पेरं घालून बघा आणि सकाळीच पाणी द्या, बुंध्याला द्या, पानांवर नको, संध्याकाळपर्यंत वरची माती सुकली पाहिजे. झाडं दाट लावू नका. टोमॅटोची खालची पानं फूटभर काढून टाका, करपा तिथूनच सुरू होतो.

मिरची, टोमॅटो, वांगं ह्या तिघांना आपल्याकडे मर फार लागते. सकाळी हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं आणि दोन दिवसांत जातं, पानं पिवळी पण पडत नाहीत. खात्री करायची तर बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा, थोड्या वेळात दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूजन्य मर, तिच्यावर फवारा मारून काही होत नाही. झाड मुळासकट उपटून जाळा, कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, आणि त्या वाफ्यात ह्या तिघांपैकी कोणीच दोन-तीन वर्षं लावू नका, माठ लावा, मुळा लावा, चवळी लावा. ट्रेमधली रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडत असतील तर तो वेगळा रोग, तिथे पाणी कमी करणं आणि खतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळणं उपयोगी पडतं.

गोगलगायी रात्री येतात, संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून खाली पपईची पानं ठेवा, सकाळी सगळ्या तिथे जमलेल्या सापडतात, वेचा. त्यांच्यावर मीठ टाकायची सवय असेल तर वाफ्यात तरी नको.

बाजूंना बारीक जाळी लावली असेल आणि आत काकडी किंवा दुधी असेल तर मधमाशी आत येत नाही आणि फळं पिवळी पडून गळतात. मग हाताने काम करा, नर फुलाच्या पाकळ्या काढून आतला दांडा मादी फुलात फिरवा, मादी फुलाच्या मागे छोटं फळ असतं त्यावरून ओळखता येतं. काकडी सकाळी, दुधी संध्याकाळी, कारण त्यांची फुलं त्या वेळी उमलतात.

पाऊस संपला, दसरा झाला की पेपर उतरवा. धुऊन, सावलीत सुकवून, उंदीर लागणार नाहीत असा माळ्यावर ठेवा, उन्हात बारा महिने राहिला नाही तर जास्त वर्षं जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं उघड्यावर होतं, वायंगणीच्या, म्हणजे हिवाळी, भाज्यांसारखं. मार्चपासून त्याच सांगाड्यावर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) टाका, वाफ्यांवर चार बोटं पातेरा पसरा, विहिरीचं पाणी खाली गेलं तरी दिवसाआड पाण्यावर पालेभाजी तगते. आणि पेपर फाटलाच तर टाकून देऊ नका, चांगले तुकडे कापून घ्या, एक कंपोस्टच्या ढिगावर, एक सरपणावर, आणि उरलेला रोपांच्या छोट्या टनेलला.